मामाच्या कोर्टावर मांडव

माझा मामा टेनिस खेळायचा. गंमत म्हणून न्हाय, पोटासाठी. कैक वर्षं गावोगावच्या स्पर्धा केल्या, दोनदा परदेश झाला. मग उजवा खांदा गेला आणि मामा वरकुट्याला आमच्या घरी ऱ्हायला आला. गावाला त्याचा खेळ मीच दाखवला, पारावर, हातात लाटणं घेऊन. बॉल वर फेकायचा, पाठ पार मागं वाकवायची आणि मारताना अडलेल्या म्हशीगत 'हँऽऽ' करायचं. लोकं पोट धरून हसायची. मामापण.

घरामागं मामानं कोर्ट केलं. माती चोपली आणि वर शेणानं सारवलं. आई म्हणायची, "माझं अंगण एवढं कधी सारवलं न्हाय मी." हळूहळू गावातली सात-आठ पोरं झकास खेळाय लागली. बारामतीच्या एका शाळेला टेनिसचा मास्तर पायजे होता. त्यांचं सायेब रविवारी पोरांचा खेळ बघणार, पटला तर मामाला नोकरी. न्हायतर पुण्यात मित्राच्या दुकानात दुसऱ्यांच्या रॅकेटला तारा ओढत बसायचं. त्या दुकानाचं नाव काढलं तरी मामा ताटावरनं उठायचा.

रविवारी सायबाला रस्ता दाखवायला मामा आणि मी इंदापूरच्या स्टँडवर गेलो. त्यांच्याच जीपमधनं परत येऊन बघतो तर कोर्टावर मांडव! रंगीत कापड, खुर्च्या, माईक, आणि सारवलेल्या जमिनीत पहारीनं खड्डे पाडून रोवलेले बांबू.

गावातल्या झाडून सगळ्या लग्नांचा मांडव माझ्या चुलत आजोबांचा, म्हंजे तात्यांचा. मामानं त्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, ह्ये काय केलं?"

"मग पावण्याला काय उन्हात बसवायचं व्हय?"

"अवो, पोरं खेळणार कुठं?"

"खेळतील की तिकडं कडंला. खेळच हाय त्यो."

फेटा, शाल, नारळ. मग भाषणं, एकामागं एक. शेवटी मामा मधीच उठला. "सर, पाच मिनिटं. चार बांबू काढतो, पोरं खेळून दाखवतील." सायबानं घड्याळ बघितलं. त्याला पुढं भवानीनगरला जायचं होतं. तेवढ्यात तात्यांनी माईक धरला, "बांबू कशापायी काढताय? आमचा नकल्या दाखवंल की मामाचा खेळ!"

मी मामाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, कर म्हणून. काहीच न दिसण्यापेक्षा ह्ये बरं, असं वाटलं असंल त्याला. मी केला. बॉल फेकला, पाठ वाकवली, हँऽऽ. सायेब खुर्चीत डोलून डोलून हसला. जीपमधी बसताना मामाला म्हणाला, "भाचा फार भारी आहे हो तुमचा. आमच्या गॅदरिंगला पाठवाच त्याला. तुमचं कळवतो."

आजून कळवतोय.

पोरं रॅकेटी काखेत मारून घरी गेली. एकानं जाताना मामाला इचारलं, "सर, उद्या हाय का?" मामा डाव्या हातानं बांबू हलवून हलवून उपटत होता. मी दुसऱ्या बाजूनं धरला.

"एवढी वाकायची व्हय रं माझी पाठ?" त्यानं इचारलं.

"व्हय."

"मग खांदा जाणारच की."

मी हसाय गेलो, पण मामा हसला न्हाय. आई शेणाची पाटी घेऊन खड्डे बुजवाय आली.

"राहू दे ताई," मामा म्हणाला. "सकाळची पुण्याची यष्टी कितीला असती?"