कांदेनवमीचं उरलेलं

आमची कुत्री फार जाड झाली होती. अंबरनाथच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोळ्या कमी करा. दुधी, गाजर, लाल भोपळा उकडून द्या, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसूण मात्र कच्चा नाही की शिजवलेलाही नाही, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात. घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं.

सासूबाई हसल्या. "कुत्र्याला दुधी! आमच्या आख्ख्या जल्मात कुत्र्यांनी उष्टं खाल्लं, एक तरी मेलं का?"

ही दोन हजार सात-आठची गोष्ट, बदलापूर गावातली. चातुर्मासात आमच्याकडे कांदा वर्ज्य. म्हणून आषाढातल्या नवमीला घरात असेल नसेल तो कांदा संपवायचा, ती कांदेनवमी. भजी, थालीपीठं, कांद्याची भाजी, नुसता ढीग. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कारखान्यात जीन्स शिवायला जायचे. संध्याकाळी घरी आले तर भाजीचं पातेलं रिकामं आणि कुत्रीचं ताट चाटूनपुसून लख्ख.

"आई, कांदा घातलात तिला?"

"मग काय फेकू? आता चार महिने आपल्याला चालत नाय. अन्न टाकलं तर पाप लागतं."

पाप यांना नको, पुण्य सगळं यांचं, आणि कांदे मुक्या जनावराच्या पोटात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याकडे बघितलं तर तो म्हणाला, "मीपण भजी दिली थोडी. शेपूट हलवत होती यार." आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर म्हणे, "काय टेन्शन घेतेस, हगून मोकळी होईल." एवढी मोठी कुत्री मला एकटीला उचलून रिक्षात घालता येईना.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात नाचत होती. "बघ," सासूबाई म्हणाल्या. असा राग आला मला त्या 'बघ'चा!

मग ती बसूनच राहायला लागली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. आता नवऱ्याला रिक्षा सापडली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, म्हणाले, त्याच दिवशी आणली असती तर उलटी करवून कांदा बाहेर काढता आला असता. घरी मीच नवऱ्याला हे सांगत होते, पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला!

पौर्णिमेला सकाळी ती गेली. शेजारच्या बायका जमल्या. सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पौर्णिमा गाठली बघा. पुण्यवान जीव." बायकांनी माना डोलावल्या.

"कसली पुण्यवान?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "तुम्ही मारलीत तिला. कांदा घालून मारलीत."

एकीनं माझा हात दाबला. "हळू बोल गं. चातुर्मासात घरात भांडण बरं नाही."

कांदा सोडला होता ना त्यांनी चार महिने? मी भांडण सोडलं नाही.