कौल की कासव

रविवार, माघातली सप्तमी. किनाऱ्यावर हजर: माझे बाबा, शेजारच्या शैलाकाकू आणि वही घेऊन मी.

बाबांना आता फक्त उजेड-अंधार कळतो, म्हणून वाळूतले दगडी तुकडे मी वेचते आणि ते कशाचे याचा निवाडा ते करतात.

“कौलं आहेत हो ती,” काकू म्हणाल्या.

बाबांनी तुटक्या कडेवर अंगठा फिरवला. “कौल आतून एकसारखं असतं, शैलाबाई. हे वरखाली घट्ट आणि मध्ये जाळीदार, टोस्टसारखं. कासवाची पाठ आहे, दगड झालेली.”

“चहात बुडवू नका म्हणजे मिळवली!”

मी ‘कासव’च्या रकान्यात खूण केली. घर पाठीवर घेऊन हिंडणारा जीव केव्हाच गेला. त्याच्या हाडांत पाणी मुरत राहिलं, हाडांचा दगड झाला, तरी आतली जाळी टिकली आणि एका अंगठ्याने ती ओळखली. माझ्या धड डोळ्यांना ती दिसली नव्हती. गेल्या वर्षी बाबा ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना मी त्यांची जुन्या तुकड्यांची पेटी आवरली, यादीत ‘कौलाचे तुकडे’ लिहिलं आणि ते सगळे तुळशीच्या कट्ट्याला सिमेंटमध्ये बसवून टाकले.

“घरी गेलो की पेटीतले जुने काढ,” बाबा म्हणाले. “याच्याशी जुळतात का बघू.”

मी हो म्हटलं. वहीतली आजची बाकी कामं खोडून झाली आहेत. ‘बाबांना सांगणे’ तेवढं राहिलं आहे.