साळिंदरापुढचे अकरा सेकंद

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. चौदा वर्षं साळिंदरांचे रखवालदार राहिल्यावर दुसरं नाव पडणं अवघडच होतं. डाव्या हातावर दोन जुने व्रण आहेत; दोन्ही वेळा चूक आपलीच होती, असं ते सांगतात. सध्या त्यांच्याकडे सात वर्षांच्या दोन माद्या आहेत, सख्ख्या बहिणी. दिवसभर लाकडी पेटीत एकमेकींना टेकून झोपतात.

या वर्षी संग्रहालयाने ऐंशी जातींपैकी तीस बंद करायचं ठरवलं. थोड्याच ठेवायच्या, पण नीट सांभाळायच्या. संग्रहालयाच्या डॉक्टरबाईंनी प्रत्येक जातीचा तक्ता केला: जंगलात किती उरलेत, इतर संग्रहालयांत किती आहेत, इथली जागा पुरते का, लोक थांबून बघतात का. प्रत्येक रकान्याला गुण. जात बंद झाली की तिचा रखवालदार दुसऱ्या विभागात जाणार, असं सगळे धरून चालले होते. माणसं कमी होती ती फक्त सर्पगृहात. काटेकाका गांडुळालाही वळसा घालून जातात.

जंगलात साळिंदरं भरपूर, इतर संग्रहालयांतही भरपूर. काकांच्या हातात काही असेल तर तो शेवटचा रकाना. लोक कुठे किती वेळ थांबतात हे मोजायला तिकीटखिडकीवरच्या बाईंना घड्याळ देऊन बाकावर बसवलं होतं. सिंहापुढे सरासरी चार मिनिटं. साळिंदरापुढे अकरा सेकंद.

"त्यातले आठ पाटी वाचण्यात गेले," तिकीटबाई म्हणाल्या. "उरलेले तीन, पिंजरा रिकामा आहे का ते बघण्यात."

"पुन्हा मोजा ना, ताई."

"उद्या अकराला शेवटची फेरी आहे. बघा काय जमतंय."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, चौदा वर्षं काटे सोसलेत. सापाचं काय घेऊन बसलात?"

"साळिंदर अंगावर येण्याआधी खुळखुळ वाजतं. साप वाजतो का?"

"काही वाजतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी संध्याकाळचं खाणं अकरा वाजताच मांडलं. बहिणी डोळे मिचकावत बाहेर आल्या आणि गाजरं कुरतडू लागल्या. समोर चिटपाखरू नव्हतं. काकांनी वाकून पाहिलं, तर शेजारी अस्वल कलिंगड फोडत होतं. पलीकडे माकडं, त्यापलीकडे हरणं, सगळ्यांची तोंडं चालू. आज अकराला शेवटची फेरी, हे तिकीटबाईंनी एकट्या काकांनाच सांगितलं नव्हतं. लोक इकडून तिकडे पळत होते आणि कुठेच थांबत नव्हते. सिंह चाळीस सेकंदांवर आला. साळिंदरं नऊ.

"तूसुद्धा?" अस्वलवाल्याने जाळीतून विचारलं.

"मी जरा लवकर खायला घातलं, एवढंच."

"हो, मीपण एवढंच."

डॉक्टरबाईंनी फेरी रद्द केली. "रात्री जागणाऱ्या प्राण्याला भरदिवसा उठवलंत, काका?"

"एकदाच."

"आणि कशासाठी? त्या रकान्याला शंभरातले दहाच गुण आहेत. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी विचारलंच नाही," काका म्हणाले. खरं तर बाकीच्यांनीही विचारलं नव्हतं.

आठवड्याने यादी लागली. साळिंदर बंद. काका तडक दवाखान्यात गेले.

"कधी नेणार त्यांना?"

"कोण नेणार? घ्यायला कुणी तयार नाही. बंद म्हणजे यापुढे नवीन आणायची नाहीत. या दोघी शेवटपर्यंत इथेच."

"आणि त्यांचं बघणार कोण?"

"तुमच्याशिवाय कुणाला बोट लावू देतात का त्या?"

तरीही काका जागचे हलले नाहीत. "बाई, साळिंदर जगतं किती?"

"ते तुम्ही मला विचारताय? नीट सांभाळलं तर वीस वर्षं."

विसातून सात गेले, तेरा उरले. काकांच्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. त्यांनी आकडा दोनदा ताडून पाहिला आणि घरी फोन लावला.

"म्हणजे तुम्ही निवृत्त झाल्यावरही त्या चार वर्षं कामावर," बायको म्हणाली.

"नीट सांभाळलं तर."

दोघींचं वजन पूर्वी महिन्यातून एकदा व्हायचं. आता दर सोमवारी होतं.