सात दिवस सोडायची नाही

जळगावच्या मेहरूणमध्ये माझ्याकडे लोक हाड बसवायला येतात. मी डॉक्टर नाही. तालमीत उस्तादांनी शिकवलं ते करतो: ओढायचं, बसवायचं, आंबेहळदीचा लेप, वर बांबूच्या कामट्या आणि धोतराची पट्टी. नियम एकच, सात दिवस पट्टी सोडायची नाही. सोडून आलात तर दुसरा हातही मोडून पाठवीन, असं मी तोंडावर सांगतो. लोक हसतात, पण ऐकतात. पहिलवानाच्या शब्दाबाहेर कोण जातं?

वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फैजपूरच्या बाजूला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. हाडं मोडली असणार, एवढं मला कळत होतं. मोठमोठे निंब रस्त्यावर आडवे पडले होते, दवाखान्याची गाडी आत शिरत नव्हती. मी मोटारसायकल फांद्यांखालून ढकलत नेली. कोणी रागाने लाथा घालाव्यात तशा केळीच्या बागा झोपल्या होत्या. एका गोठ्यात पत्रा उडून आलेला, म्हशीची मान अर्धी कापलेली, आणि दावं तसंच खुंट्याला. मालक तिच्याकडे बघतही नव्हता, माणसं काढण्यात गुंतला होता.

तिथल्या एका गावात शाळेच्या ओट्यावर मी बसलो आणि दिवसभर माणसांना रडवलं. हाड बसवणं म्हणजे मारामारीच असते. चौघांनी दाबून धरायचं, पाचव्याने ओढायचं, आणि ज्याचं ओढतो तो आईबहिणीवरून शिव्या देतो. मीही देतो.

त्यात ती बाई आली. नवरा आणि दिराबरोबर धुळ्याकडून केळीच्या कामाला आलेली. शेडचा पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवतात, त्यातला एक थेट तिच्या उजव्या हातावर पडला होता. कोपराखालची दोन्ही हाडं गेलेली. दिराने कोपर धरलं, मी मनगट धरून खेचलं. तिने दिराच्या दंडाचा असा चावा घेतला की रक्त आलं, पण पठ्ठ्याने कोपर सोडलं नाही. खटकन हाड बसलं. मी पट्टी कचकचून आवळली आणि नवऱ्याला दम भरला, "सात दिवस. ही रडेल, बोंबलेल. पट्टीला जो हात लावेल त्याचं डोकं फोड."

तिसऱ्या दिवशी मी अजून त्या शाळेतच होतो, दुपारी निरोप आला. भावाभावात जुंपली, एकाचं डोकं फुटलंय, चला. मी गेलो. दीर मातीत बसलेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत रक्त. पलीकडे नवरा उभा, हातात लाकूड, आणि धापा टाकत सांगतोय की हा विळा घेऊन पट्टी कापायला निघाला होता. माझं टाळकंच सरकलं. काय झालं, कशासाठी, काही विचारलं नाही. त्या रक्ताळलेल्या माणसाच्या मी फाडकन कानाखाली वाजवली. म्हटलं, "डॉक्टर झालास का रे?"

तो रडायला लागला. मार लागला म्हणून नाही. म्हणाला, "भाऊ, तिना हात तं देखा."

बाई शेडच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. ओरडत नव्हती. दोन दिवस ओरडली आणि मग दुखायचं थांबलं, असं नवऱ्याने मला खुशीत सांगितलं. मी खाली बसून तिची बोटं हातात घेतली. उन्हात बसलेल्या बाईची बोटं माठासारखी गार. नखं काळी. मी करंगळी चिमटली, जोरात चिमटली, तिला कळलंसुद्धा नाही. दिराचाच विळा उचलला आणि पट्टी टराटरा कापली. आत फोड, पाणी, आणि वास. देवा, तो वास! हाड सरळ बसलं होतं. हात मेला होता.

रस्ता तोवर मोकळा झाला होता. टेम्पोत घालून तिला जळगावच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या छातीला लागेल एवढा किडकिडीत माणूस. हात बघून म्हणाला, कोपराखाली कापावा लागेल, नाहीतर बाई जाईल. मग त्याने नवऱ्याला विचारलं, "कोणत्या गाढवाने बांधलं हे?" मी दोन हात अंतरावर उभा होतो. नवऱ्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "रस्तावरना कोनी व्हता," म्हणाला, "वळखत नही." आणि मी, ज्याच्या आवाजाने सगळी तालीम गार पडते, तो गप्प राहिलो. लाज वाटली नाही तेव्हा. सुटलो, असं वाटलं. खरं तेच लिहितो.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, नाव का नाही घेतलंस? मारायचंस की मला, तुझा हक्क होता.

तो गोंधळला. म्हणाला, "तुमले धरी ठेवतं तं गावमा बाकीनास्नं कोन देखतं? बठ्ठा तुमना भरोसावर शेत, भाऊ."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकीचे. सगळे माझ्याच भरोशावर. मी ओट्यावर बसून तसेच आवळून बांधलेले अजून नऊ जण गावात होते. प्रत्येकाला मी तोच दम भरला होता, आणि प्रत्येक घरात कोणीतरी लाकूड घेऊन पट्टी राखत असणार.

मी पळतच आत गेलो. डॉक्टर हात धूत होता. म्हटलं, "ते गाढव मी. अजून नऊ जणांना बांधलंय. गाडी काढा."

त्याने ओल्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. उभ्या जन्मात मी कोणाची थप्पड खाऊन गप्प राहिलो नव्हतो. त्याने ड्रायव्हरला हाक मारली, दुसऱ्या एका डॉक्टरला मागे चढवलं, मला पुढे बसवलं, म्हणाला, घरं दाखव. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आत त्याने तिचा हात कापायला घेतला होता.