रोटाव्हेटर की सरकती सीट

ट्रॅक्टर घ्यायला निघायच्या दिवशी मी असोद्याच्या आमच्या घरात सकाळी उगीचच दोनदा झाडू मारला. पाय जमिनीवर ठरतच नव्हते. नवरा नोकरीला जळगावात, सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, गुडघे धरलेले. तेव्हा ट्रॅक्टर चालवणार मी. भावकीतल्या ट्रॅक्टरवर शिकलेही होते.

पैशात एकच बसत होतं: साधा ट्रॅक्टर आणि सोबत रोटाव्हेटर, नाहीतर पुढे-मागे सरकणारी सीट असलेलं वरचं मॉडेल. मी रोटाव्हेटरच धरून बसले. केळीचे घड उतरले की खोडं मातीत मिसळायला आम्ही दरवर्षी दुसऱ्याच्या रोटाव्हेटरची वाट बघायचो आणि आमचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. शिवाय चांगली सीट मागितली असती तर गाव म्हणालं असतं, बाईला बसायला गादी लागते. ते मला ऐकायचंच नव्हतं.

खरी गोष्ट मी लपवली होती. माझा पाय क्लचपर्यंत पुरता पोचत नव्हता. शिकताना मी पाठीमागे गोधडीची घडी ठेवायचे. शोरूमलाही ती पिशवीतून नेली.

विक्रेता सगळं आबांनाच समजावत होता. मी रोटाव्हेटर जोडलेल्या साध्या ट्रॅक्टरवर चढले, पाठीशी गोधडी सारली आणि मागच्या मोकळ्या जागेत फेरी मारली. काय सांगू, हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या फेरीला कुंपणाजवळ क्लच दाबून मागचा रोटाव्हेटर बघायला वळले आणि गोधडी सटकली. क्लचवरचा पाय सुटला, ट्रॅक्टरने हिसका दिला आणि कुंपणाच्या अलीकडे कसाबसा बंद पडला.

आबा काठी टेकत आले. खाली पडलेली गोधडी उचलून त्यांनी झटकली.

"हे कवापासून चालू हाये?"

"शिकली तवापासून."

"आन् सांगतलं काऊन नई?"

मला स्वतःचाच राग आला होता. तो मी त्यांच्यावर काढला. "सीट घेतली तं यंदाबी आपला नंबर शेवटीच लागीन, आबा."

"लागू दे. रोटाव्हेटर लोकायचा मांगून आनता येते. तुले काही झालं तं तुले कुठून मांगून आनू?"

मला रडू आलं, आणि ते पुसत पुसतच मी वरच्या मॉडेलवर चढले. खालची कळ दाबून सीट पुढे ओढली. क्लच तळापर्यंत दाबला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. अंगात नुसती वीज भरली होती.

विक्रेता आबांना म्हणाला, "भाऊ, उद्या ड्रायव्हरला पाठवा. त्याला सगळं दाखवून देतो."

आबांनी काठी माझ्याकडे केली. "आजच दाखवा. आलेली हाये ती."