कोरेगाव ते सांगली, पप्पांसोबत

बी.एस्सी.ला असताना सरांनी आम्हाला एक प्रयोग दिला होता. गाडी स्टेशनातून सुटताना तिचं त्वरण, म्हणजे तिचा वेग किती झपाट्यानं वाढतो, ते मोजायचं. साहित्य साधंच. कोनमापकाच्या मध्यावर दोरा आणि दोऱ्याला सायकलचा नट. गाडी निघाली की नट मागे राहतो, दोरा तिरका होतो. तो कोन वाचायचा, बाकी गणित. पण धरायला एक आणि वाचायला एक, अशी दोन माणसं हवीत. माझी जोडीदारीण नेमकी तापानं पडली.

त्याच दिवशी पप्पांची सुट्टी संपत होती. पप्पा फौजेत. मिरजेला उतरून ते पुढची गाडी पकडणार, मी सांगलीला हॉस्टेलवर जाणार. कोरेगावला आम्ही एकत्रच चढलो.

"मी धरतो की," पप्पा म्हणाले. "रायफल धरतो, ह्ये काय जड हाय?"

सुट्टीत ते कधी उसाला पाणी पाजायला, कधी पाहुण्यांच्या गराड्यात. आम्ही दोघंच इतका वेळ शेजारी बसलोय, असं त्याआधी झालंच नव्हतं.

रहिमतपूरला गाडी हिसका देऊन निघाली. नट हेलकावे खायला लागला. मी घाईनं वाकले.

"थांब. निवू दे त्याला." त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता. "हां, आता वाच."

"दोन अंश."

"एवढंच? एवढी मोठी गाडी आन् दोन?"

"गाडीचं एवढंच असतं, पप्पा."

कराड गेल्यावर ते एकदम म्हणाले, "गाडी सुटताना मी कवा बाहेर बघत न्हाई. ठावं हाय तुला?"

ठाऊक होतं. लहानपणी आई आणि मी फलाटावर हात हलवत उभ्या असायचो आणि पप्पा पलीकडच्या खिडकीशी बसलेले. मला त्याचा फार राग यायचा.

"का नाही बघत?"

"बघितलं की उतरावंसं वाटतं."

ताकारी आलं, तसा त्यांनी कोनमापक पुन्हा सरळ धरला.

सांगलीला मी उतरले. ते फलाटाकडच्या खिडकीशी येऊन बसले, गजांना कोनमापक लावून. गाडी हलली. ते माझ्याकडेच बघत होते.

"किती?" मी ओरडले.

"दिसंना गं!"

शेवटचा डबा जाईपर्यंत मी उभी राहिले. मग रिक्षा न करता हॉस्टेलपर्यंत चालत गेले.

सांगलीचा आकडा सोडून प्रयोग लिहून दिला. सरांना आवडला.

आता मी पुण्यात शिकवते. पप्पा अजून नोकरीत आहेत. विमानानं येतात, माझ्याकडे एक दिवस राहतात, मग गावी. भेट लवकर होते आणि लवकर संपते. दर सुट्टीला मी म्हणते, एकदा कोरेगावहून गाडीनं सांगलीला जाऊन येऊ.

"तितं काय काम हाय?" ते विचारतात.

काम काहीच नाही.