नंबरच्या झाडांना पाणी

सतरा नंबरच्या कडुनिंबाखाली माती ओली होती. मे महिना, मिरजगावच्या पलीकडचं गायरान, आदल्या वर्षी पावसानं दिलेला दगा, आणि बुंध्याशी ओल! मी बोट खुपसून पाहिलं. चांगली दोन पेरं ओल. उठून अठरा नंबर पाहिला. तिथंही तेच. एकोणिसाव्याला तर कुणीतरी व्यवस्थित आळं केलं होतं. हे व्हायला नको होतं.

का, ते कळायला माझं काम सांगायला हवं. क्योटोला हवामानाचा तो करार झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. त्याआधीपासून एक प्रयोग चालू होता. श्रीमंत देशांनी खर्च करायचा, आपल्यासारख्या देशात झाडं लावायची, आणि ती हवेतला किती कार्बन शोषतात ते मोजायचं. उद्या याचा बाजार उभा राहिलाच, तर तो शोषलेला कार्बन तिकडच्या कारखान्यांच्या धुरातून वजा व्हायचा. आमच्या गायरानावरची झाडं त्या प्रयोगातली. आता सगळी टेकडी कोण मोजणार? म्हणून मी दोरीनं ठिकठिकाणी गोल आखले होते. त्यांना आम्ही प्लॉट म्हणायचो. प्लॉटमधल्या झाडांवर पिवळ्या रंगानं नंबर टाकायचे, तेवढीच मोजायची आणि त्यावरून साऱ्या टेकडीचं गणित मांडायचं. डॉक्टर थेंबभर रक्त घेऊन अख्ख्या अंगाचं सांगतो ना, तसंच. अट एकच. प्लॉटमधल्या झाडांचे वेगळे लाड करायचे नाहीत.

परदेशी तपासनीस आठवडाभरात येणार होते. गाव प्रयोगाच्या यादीत टिकलं, तर पुढची कित्येक वर्षं नवी रोपं, कुंपण आणि उन्हाळ्यात बायकांना घराजवळ काम. नाही टिकलं, तर काहीच नाही. माझी नोकरीही त्याच यादीला बांधलेली.

मी तीन वर्षं मिरजगावात खोली घेऊन एकटा राहत होतो. बायको गेल्यावर पुण्याच्या घरात जीव रमेना, म्हणून हे काम मागून घेतलं होतं. दिवसभर टेप, वही आणि ऊन. कितीतरी दिवस असे जायचे की मी मोठ्यानं बोललेले शब्द म्हणजे झाडांचे नंबर, तेही स्वतःलाच. रविवार तर खायला उठायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच टेकडीवर जाऊन बसलो. टँकर पायथ्याच्या विहिरीत पाणी सोडायचा आणि वस्ती टेकडीपलीकडं, त्यामुळं बायकांची वाट गायरानातूनच. पाच-सहा जणी हंडे घेऊन वर आल्या. वाट सोडून माझ्या प्लॉटमध्ये शिरल्या. पिवळे नंबर बघून बघून एकेका झाडाला पाणी घालायला लागल्या.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलोच.

सगळ्यांत वयस्कर सुमनबाई. लागवडीच्या वेळी तिनंच खड्डे खणले होते. तिनं शांतपणे हंडा खाली ठेवला. "कुनी कशाला सांगंल, साहेब? तुमच्या नंबरची झाडं हायती. मेली तर पुन्याचे साहेब तुमाला बोलतील."

"अहो, पण बाहेरची मेली ना!"

"ती काय तुमच्या नावावर न्हाईत. समद्यांना पुरंल येवढं पानी कुठनं आनावं? म्हनलं, तुमची तरी जगू द्यात. तुमाला हितं कोन हाय?"

राग कुठल्या कुठं गेला. घरात मोजके हंडे यायचे, त्यातला अर्धा ही बाई माझ्या झाडांना घालत होती.

"बाई, या झाडांना पाणी घालायचं नसतं," मी कसंबसं म्हणालो.

"झाडाला पानी घालायचं न्हाई?" बाकीच्या जणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "कसली ओ तुमची नोकरी!"

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. कानिटकर साहेब प्रोजेक्टचे प्रमुख.

"सर्व्हायव्हल किती?" म्हणजे झाडं किती जगली.

"प्लॉटमध्ये जवळजवळ सगळी. बाहेर निम्मीसुद्धा नाहीत. साहेब, बायकांनी पाणी घातलंय. फक्त प्लॉटला."

साहेब म्हणाले, "लोकसहभाग म्हणून लिहून टाक ना! पाहुण्यांना आवडतं ते."

"पण आकडा साऱ्या टेकडीला लागेल, साहेब. वाळक्या काटक्यांनी कार्बन शोषला म्हणून तिकडं कुणाचा तरी धूर माफ होईल."

"तू फार एकटा राहिलास बाबा तिथं. डोकं तापलंय तुझं. गावाचं नुकसान करतोयस, कळतंय ना?"

कळत होतं. म्हणून तर मोजणीचा फॉर्म दोन दिवस कोरा ठेवला. गप्प बसलो असतो तर कुणालाही पत्ता लागला नसता, आणि सुमनबाईच्या हातचं काम टिकलं असतं. मी बरोबर केलं का, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

शेवटी लिहिलं. फॉर्मवर त्रुटींचा एक रकाना असतो. त्यात लिहिलं, ‘नमुना झाडांना स्थानिकांनी पाणी घातले. आकडे ग्राह्य धरू नयेत.’ तीन वर्षांत माझ्यासाठी कुणी मायेनं काही केलं असेल तर तेवढंच, आणि ते मी त्रुटींच्या रकान्यात भरलं. सही करताना रडलो. त्यात लाज कसली?

पाहुणे आले, प्लॉटबाहेरची झाडं पाहिली. माझा हात हातात घेऊन ‘व्हेरी ऑनेस्ट’ म्हणाले आणि गावाचं नाव यादीतून काढून गेले. महिनाअखेर माझं पदही बंद झालं.

निरोप घ्यायला वस्तीवर गेलो. सुमनबाईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी आमच्यामुळंच झालं म्हना की."

"नाही हो बाई. पाऊसच नव्हता ना." फॉर्मवर जमलं नाही, ते खोटं इथं सहज जमलं.

"मंग आता ही झाडं कुनी मोजनार न्हाई?"

"नाही."

"मंग आता पानी घातलं तर चालंल?"

"चालेल," मी म्हणालो.

पुढं अशी मोजणी बऱ्याच ठिकाणी केली, नव्या लोकांना शिकवलीही. त्यांना सांगतो, नमुन्याच्या झाडांवर रंग लावू नका. खूण म्हणून लोखंडी खुंटी जमिनीत पुरा, गावाला दिसता कामा नये. आणि साइटवर एकटे राहू नका. लोकांचा जीव कळवळतो, आणि आकडे बिघडतात.